न झालेल्या तासांची वही

सरांनी माझी वही कोपऱ्याला दोन बोटांत धरली. हाताला घाण लागेल अशी. आणि टेबलाला टेकून, बारावी सायन्सच्या सगळ्या वर्गासमोर, समासात मी लिहिलेलं वाचायला लागले.

"'इथं काय समजला नाय.' बरं. 'आयला सांगता नाय आला, परत विचारायचा.' पुढे. 'आज तास झाला नाय.' 'आज पण नाय.'"

वर्ग हसला. हसणं संपेपर्यंत सर थांबायचे, मग पुढची ओळ घ्यायचे. वाचताना आवाज आमच्यासारखा काढायचे. नाय. हाय. मागच्या बाकावरची आमच्याच गावची दोघंही हसली. त्यांना हसावंच लागलं. हसले नसते तर पुढची वही त्यांची होती.

"ही केमिस्ट्रीची वही आहे की माझ्यावर ठेवलेला पहारा?"

मी उभी होते. बोलायला तोंड उघडलं तर रडू बाहेर येईल, म्हणून दात आवळलेले.

"तुम्हा लोकांना कशाला लागतं हे सगळं? टोपलीत मासळी भरायला मोल कन्सेप्ट लागत नाही."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. एक शब्द वाढवलेला नाही.

आता वहीचं सांगते. मी समुद्रकाठच्या दांडी गावची. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बोईसरच्या कॉलेजात एकदम इंग्रजी. अकरावीत पहिले दोन महिने मी सरांचं बोलणं शब्दाला शब्द उतरवत होते. बोटं दुखायची, आणि घरी येऊन वाचलं की आपलीच वही परकी वाटायची. मग मी पद्धत बदलली. उजव्या पानावर सर बोलतील त्यातलं मुख्य तेवढंच. डावं पान कोरं. संध्याकाळी आय बोंबील वाळत घालायची, मी तिच्याबरोबर घालता घालता दिवसाचा धडा तिला आमच्या बोलीत सांगायची. आय चौथी शिकलेली. तिला नाही समजलं की ती म्हणायची, "म्हंजे?" जिथं मला उत्तर देता यायचं नाही, तिथं मी समासात लिहायची. मग पुस्तक बघून, नाहीतर कुणाला विचारून, डावं पान भरायचं. पानाच्या वर तारीख आणि तास. तास झाला नाही तर समासात तसं लिहायचं, म्हणजे तो भाग आपल्याला का येत नाही ते आपल्याला माहीत असावं. नाहीतर वाटत राहतं, आपलं डोकंच कमी.

केमिस्ट्रीच का, तर आमच्या खाडीला कधी कधी कसल्यातरी औषधासारखा वास येतो आणि पाण्यावर मासे पालथे तरंगतात. त्या पाण्यात काय असतं ते मला माझ्या डोक्याने वाचता यायला हवं होतं. एवढंच.

इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा अख्खा धडा कॉलेजात शिकवलाच गेला नाही. सर तो त्यांच्या खासगी क्लासमध्ये घ्यायचे. क्लासला अणुवीज प्रकल्पाच्या कॉलनीतली मुलं जायची, ज्यांचे आईवडील प्रकल्पात मोठ्या जागेवर. माझ्या वहीत त्या धड्याची नऊ पानं कोरी होती. वर तारखा आणि समासात 'तास झाला नाय', एवढंच.

कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती. अभ्यासक्रम पूर्ण झाला हे दाखवायला मुलांच्या वह्या मांडून ठेवायच्या होत्या. म्हणून त्या दिवशी वह्या गोळा केल्या, आणि म्हणून माझी वाचली गेली.

तास संपल्यावर सरांनी मला स्टाफरूमच्या दारात बोलावलं. आता आवाज एकदम मऊ. मला त्या मऊ आवाजाची जास्त भीती वाटली.

"अदितीची वही घे. कोरी पानं भरून टाक. तारखा मी सांगतो त्या घाल. तीन दिवस देतो. नाहीतर तुझ्या जर्नलवर माझी सही होणार नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सरांची सही नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत. प्रॅक्टिकल नाही, म्हणजे केमिस्ट्री गेली. म्हणजे वर्ष गेलं. आमच्याकडे मुलीचं वर्ष गेलं की पुढचं वर्ष मिळत नाही. तिला बघायला पाहुणे येतात.

अदिती कॉलनीतली, पण मनाने वाईट नाही. वही देताना म्हणाली, "लिही ना गं, काय होतंय. सगळ्यांनीच लिहिलंय."

घरी येताना एसटी वाटेतल्या पाम गावच्या थांब्यावर थांबली. सरांसारखा शर्ट घातलेला कुणीतरी चढला, आणि मी वही ओढणीखाली लपवली. माझीच वही. चोरीचा माल असल्यासारखी.

मी लिहायला बसले. खोटं कशाला बोलू, चार पानं लिहिली. सरांच्या तारखा घालून. अक्षर एवढं सुंदर माझं कधी आलं नव्हतं. मग सवयीने आयला सांगायला गेले आणि पहिल्याच वाक्याला अडकले.

"म्हंजे?" आय म्हणाली.

"माहीत नाय."

"हा कवा शिकवला तुमाला?"

"नाय शिकवला."

"मग लिवतेस कशाला?"

मी सहीचं सांगितलं. तिचा हात बोंबलावर थांबला. मग म्हणाली, "लिव मग. लिवून टाक बाय. सरांशी वैर नको."

पुढे जाऊन आय माझ्या बाजूने उभी राहिली असं मला लिहिता आलं असतं. तसं झालं नाही. ती माझ्याहून जास्त घाबरली होती, आणि तिची भीती खरी होती. मला त्या दिवशी कुणीही लिहू नको म्हटलं नाही.

पण लिहिलेली चार पानं मला बघवेनात. शिकवलेलं नसताना शिकवलं, असं माझ्याच हाताने, माझ्याच शाईने. उद्या मला इलेक्ट्रोकेमिस्ट्री आली नाही तर सर हीच वही दाखवणार. बघा, शिकवलं होतं, हिलाच समजलं नाही. यांना कशाला लागतं हे. त्यांच्या त्या वाक्याचा पुरावा मीच तयार करून देत होते. मी चारही पानांवर तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'उतरवून घेतलेलं. वर्गात झालेलं नाही.'

तिसऱ्या दिवशी सकाळी रेघा मारलेली वही पिशवीत घातली. तशीच गेले.

"भरलंस?"

"नाही सर."

"का?"

"तास झाला नाय, सर."

नाय असंच आलं तोंडातून. सरांनी रेघा बघितल्या, वही बंद केली आणि कपाटात टाकली. समिती आली, चहा प्यायली, टेबलावरच्या सुंदर वह्या चाळून गेली. माझी वही तिथं नव्हतीच. मी वर्गात उठून भाषण केलं नाही. हेही लिहून ठेवते.

जर्नल घेऊन गेले तेव्हा सर म्हणाले, "सही नाही."

मला काय सुचलं माहीत नाही. वाक्य आधी बाहेर आलं, भीती नंतर. "मग सही का नाही, ते तेवढं लिहून द्या सर."

स्टाफरूममध्ये सगळे शिक्षक होते. कुणी मान वर केली नाही. सरांनी पेन उचललं आणि कागदावर टेकवलं. कारण काय लिहिणार? ही कोरं पान कोरं ठेवते, हे? ते लिहू शकले नाहीत. म्हणाले, "चालायला लाग." मी गेले नाही. स्टाफरूम बंद होईपर्यंत दारातच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी परत गेले, तेच वाक्य. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सरांनी न बघता सही केली आणि जर्नल माझ्या पायाशी टाकलं. मी वाकून उचललं. ते वाकणं मी विसरलेली नाही.

प्रॅक्टिकलचे मार्क देण्यातही सर असतात. वर्गात सगळ्यांत कमी माझे. निकालाच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये सर म्हणाले, "मिळाली ना सही?"

आता मी पालघरला बीएस्सी करते आणि कॉलेजांच्या गेटवर 'न झालेले तास वहीत लिहून ठेवा' अशी पत्रकं वाटते. मोठी शूर वगैरे झालेली नाही. वॉचमनने शिट्टी मारली तरी पत्रकं ओढणीखाली लपवते. पण माझ्या त्याच कॉलेजात या वर्षी बारावीच्या सात मुली आपापल्या वहीत न झालेला तास तारखेनिशी लिहितात. सातही वह्या जुळवून आम्ही एक यादी केली आहे, खाली सातही जणींच्या सह्या. माझी आठवी.

सोमवारी ती यादी मी प्राचार्यांच्या ऑफिसात देणार आहे. सरांनाही तिथे बोलावतील. माझ्या तोंडून पुन्हा नाय येईल, ते हसतीलही. हसू दे. मला त्या कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर कॉलेजचा शिक्का आणि तारीख पाहिजे. ती पोच हातात पडल्याशिवाय मी तिथून निघणार नाही.