कॉकवरच्या दोन रेघा

नळाच्या आट्यांना लावतात त्या सफेद्याचा वास आला की बदलापूरची आमची जुनी न्हाणी आठवते. १९९०च्या सुमारास तिथला शॉवर सतत ठिबकायचा आणि त्याच्या गरम-गार पाण्याच्या दोन्ही कॉकच्या मुठी तुटलेल्या होत्या. आम्ही पकडीने पाणी सोडायचो. प्लंबर म्हणाला, "वहिनी, मुठी मापाच्या लागतील. कॉकच उल्हासनगरला नेतो." कॉक सासऱ्यांनी बसवलेले, जड पितळेचे, आणि उल्हासनगरात कशाचीही हुबेहूब नक्कल मिळते असं आम्ही ऐकून होतो. तो चहा पीत होता तेवढ्यात मी दोन्ही कॉकच्या खालच्या बाजूला खिळ्याने एकेक रेघ ओढली. निघताना त्याने आपला पाना माझ्याकडे ठेवला. "मी येईपर्यंत राहू दे." न मागता ठेवलेल्या या तारणाने माझा संशय उलट वाढलाच. संध्याकाळी तो आला, नवे वायसर आणि मुठी घालून त्याने कॉक बसवले. ठिबकणं थांबलं. मी तिथेच घुटमळत राहिले, तेव्हा हत्यारं आवरता आवरता तो म्हणाला, "रेघा खालच्या बाजूला आहेत ना? वाकून बघा, मी बॅटरी धरतो." मी खरंच वाकले. दोन्ही रेघा जागच्या जागी होत्या. दुरुस्तीच्या माझ्या यादीत 'खूण करणे' अजूनही पहिलं आहे, फक्त आता ती मी कारागिरासमोरच करते.