धुतलेली गाडी आणि आमची घागर

गाडीच्या शाम्पूचा वास आला की मला लातूरचा तो दुष्काळ आठवतो. नांदेडला लग्नाला गेलो होतो, तिथं पैसे देऊन गाडी धुऊन घेतली आणि ती चकाचक गाडी मिरवत लातुरात आमच्या गल्लीत आणली. टँकरच्या रांगेत बायकोनं लावलेली घागर शेजारच्या काकूंनी उचलून पार शेवटी ठेवली. “टँकरचा थेंब लावला न्हाई, काकू, नांदेडात धुतलीय,” मी चिडून म्हणालो. “मग प्यायचं पाणी बी तिथूनच आणायचं की, भाऊ.” आमच्या घागरीची पाळी यायच्या आत टँकर संपला. त्या संतापात मीच ओंजळी भरभरून गाडीवर धूळ उधळली. आता नळाला पाणी येतं, तरी गाडी घरीच, फाटक लावून, एका बादलीत धुतो आणि चूक माझी नव्हतीच, हे चाकांना समजावत बसतो.