झहियानं वसीलाचं नाव घेतलं

आमच्या कॉन्स्टंटाइन शहरातल्या वृद्धाश्रमात मी स्वयंपाकघरात होते, वसीला वरच्या मजल्यावर नर्स. तिची जिवलग झहिया, तीही नर्सच. दोघी शिकल्या एकत्र, जेवायच्याही एकाच डब्यात. वसीलाला मुलगी झाली तेव्हा नवरा परगावी होता. बाळाला पहिल्यांदा झहियानंच उचललं.

लल्ला तुर्किया नावाच्या आजी आश्रमात आल्या त्या अर्धांगवायूनं वाचा गेलेल्या. नजर मात्र तल्लख. काही दिवसांनी अंग पुसताना वसीलाला त्यांच्या दंडाच्या आतल्या बाजूला काळेनिळे डाग दिसले, बोटं रुतल्यासारखे.

"अगं, म्हाताऱ्यांची कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा," झहिया हसली. "उचलताना उमटतं."

वसीलानं ते पटवून घेतलं. पण झहिया खोलीत आली की लल्ला घास गालातच धरून ठेवायच्या, हेही तिला दिसत होतं. दुसरं कुणी असतं तर तिनं त्याच दिवशी विचारलं असतं.

एका दुपारी ती धुतलेल्या चादरी घेऊन गेली, तर झहिया एका हातानं लल्लांच्या तोंडात शोरब्याचा चमचा कोंबत होती आणि दुसऱ्या हातानं दंडाला चिमटा काढत होती. "गिळ! पोटच्या पोराला नकोशी झालीस, मला का हवी गं तू?"

वसीला मध्ये जाऊन उभी राहिली. "झहिया, बाहेर हो."

"अख्खा मजला माझ्या गळ्यात मारलाय, ते नाही दिसत तुला?"

"दिसतं. त्याचा राग हिच्यावर?"

"वर सांगणार आहेस?"

"हो."

वसीला लल्लांचा हात धरून बसली. त्यांचे हुंदके थांबल्यावर तिनं डॉक्टरांना बोलावून डाग दाखवले, संचालकांना सगळं सांगितलं आणि लल्लांच्या मुलाला, अब्दुलहफीदला, फोन केला.

त्यानं आईचा दंड पाहिला आणि बाही खाली ओढली. "ताई, इथंच मिटवा. उद्या आश्रमवाले म्हणतील, आईला घरी न्या. माझ्या घरी जागा नाही."

"त्या ऐकतायत," वसीला म्हणाली.

लल्लांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

चौकशीत झहिया शांतपणे म्हणाली, "डाग पहिल्यांदा वसीलालाच कसे दिसले? अंग तीच पुसते." शेवटी डॉक्टरांनी लल्लांनाच विचारलं. त्यांनी चांगला हात उचलला आणि झहियाकडे बोट केलं. ते बोट तिथून हललं नाही.

झहियाची नोकरी गेली. बाकीच्या मुली वसीलापासून दूर बसू लागल्या. "मैत्रिणीला खाल्लं हिनं," असं मी कानांनी ऐकलं. लल्ला हळूहळू जेवू लागल्या. तरी वसीलानं उशी सरळ करायला हात उचलला की त्या डोळे मिटून घ्यायच्या. तेवढं मात्र कधी गेलं नाही.

पुढे भाजीबाजारात दोघी समोरासमोर आल्या. मी वसीलाबरोबरच होते.

"माझं नाव का घेतलंस?" वसीलानं विचारलं.

"वाटलं, तू सांभाळून घेशील," झहिया म्हणाली. "नेहमी घ्यायचीस."

ती टोमणा मारत नव्हती, अगदी मनापासून बोलत होती. वसीलाच्या हातातली पिशवी रिकामीच होती. भाजी न घेताच ती घरी निघाली.