गॅलरी बंद केलेली बोट

डॉक्टरांनी मला ऊन वर्ज्य केलं. अर्धा तास उन्हात गेला की हातांवर आणि गालांवर लाल चट्टे उठत. वीस वर्षं मी खडकवासल्याच्या पाण्यावर छोट्या शिडाच्या होड्या चालवल्या होत्या. "आता पुरे, भरतकाम वगैरे कर," असं सासरच्या एकीने सुचवलं. मला भरतकाम येत नाही. मी कोकणातल्या एका खाडीत पडून असलेली जुनी बोट बघायला गेले.

बोट शिडाचीच, पण मधोमध काचांची केबिन आणि केबिनच्या आत सुकाणूचं दुसरं चाक. बाहेर ऊन असो की पाऊस, सावलीत बसून चालवता येते. अडचण एकच, आधीचा मालक उंच असावा आणि मी पाच फूट. म्हणून घेण्याआधी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी स्टूल ठेवलं, समोर पुठ्ठ्याची खिडकी उभी केली आणि बोटीचं टोक जिथे येईल तिथे बादली ठेवली. बादली दिसेना.

वरून सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "वहिनी, पार्किंगमध्ये समुद्र येणार आहे का? आधी टाकीत पाणी येऊ द्या."

"ते तुमचं खातं," मी म्हटलं आणि स्टुलाखाली पाट सरकवले. नऊ इंच चढल्यावर बादली दिसली, पण पाय लोंबकळू लागले. म्हणजे बैठक नऊ इंच उंच आणि खाली पाय टेकवायला फळी. बोट घेतली आणि तसं करून घेतलं.

नवऱ्याला हे सगळं पटलेलं नव्हतं. घाटातून चार तास गाडी चालवायची, पोचल्यावर गाद्यांची बुरशी पुसायची, बॅटरी बघायची, आणि त्या तरंगत्या घरात कामाला बाई येत नाही, हे तो दर खेपेला मोजून दाखवी. शेवटी त्याने अट घातली. "तू आत बसून बोट खाडीबाहेर नेऊन परत आण. जमलं तर ठेवू. नाहीतर खराडीचा तो मुलगा घ्यायला तयार आहे." खराडीच्या मुलाला केबिनमध्ये लॅपटॉप घेऊन बसायचं होतं.

मी म्हटलं, "अहो, त्याला चहाचं दुकान बघा म्हणावं."

आणि एवढी मापं घेतलेल्या मी, फ्लॅटचा ताबा मिळाल्याबरोबर पुण्यात जो तो करतो तेच केलं. गॅलरी बंद केली. केबिनची मागची बाजू उघडी होती आणि दुपारी परतताना ऊन तिथूनच आत येणार होतं. मंडईजवळचे एक चाचा आमच्या इमारतीच्या निम्म्या गॅलऱ्यांना सरकत्या काचा बसवून गेले होते. त्यांना गाडीत घालून कोकणात नेलं.

"मॅडम, पाण्यावर कधी बसवलं नाही," ते म्हणाले.

"चाचा, पाणी आत येत नाही ना? मग झालं."

त्यांनी काम चोख केलं. मूर्खपणा माझा होता.

अटीच्या दिवशी जाताना सगळं ठीक झालं. परत येताना मी इंजिन लावलं, मागच्या काचा ओढून घेतल्या. इंजिन पायाखालीच, त्यामुळे आत भट्टी झाली आणि धडधडीशिवाय काही ऐकू येईना. नवरा पुढे फडफडणारं शीड गुंडाळत होता. मागून एक तांडेल आपल्या होडीतून ओरडत होता, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. त्याचं जाळं बोटीखालच्या पंख्यात अडकलं आणि इंजिन बंद पडलं. मी बाहेर जायला उठले, तर काच हलेना. रुळात मीठ साचलं होतं. मी आतून ओढतेय, नवरा बाहेरून.

तांडेल होडी लावून बघत राहिला. "बाय, बोट चालवतेस का घर बंद करून गावाला निघालीस?"

काच एकदाची सरकली. मग पाण्यात उतरून त्याने सुरीने जाळं कापलं. वर आल्यावर म्हणाला, "पाण्यावर अर्धं काम कानांचं असतं गो." जाळ्याचे पैसे मी भरून दिले. आम्ही पुन्हा कुठे अडकू नये म्हणून तो हक्काने पुढे होऊन आम्हाला धक्क्यापर्यंत ओढत घेऊन गेला.

"विकू या," नवरा म्हणाला.

"चूक काचांची आहे, चाकाची नाही. अट पुन्हा."

"अट एकदाच होती."

"मग मी घातली असं समजा."

पुढच्या खेपेला चाचा पुन्हा आले, काचा उतरवल्या आणि हसू आवरायला माझ्याकडे बघणं टाळलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. उन्हासाठी जाड कॅनव्हासचा पडदा लावला. एका दोरीने खाली, एका झटक्यात वर. खाली हातभर फट सोडली, आवाज यायला.

मग पुन्हा खाडीबाहेर गेलो. त्या दुपारी परतताना ऊन बरोबर मागून आलं. पडदा पाडला, हातमोजे घातले. जाळ्यांच्या खुणेचे तरंगते डबे एकेक करून चुकवले. डावीकडून तांडेलाची हाक आली, तीही ऐकू आली. बोट धक्क्याला लावली. डाव्या मनगटावर, मोजा आणि बाही यांच्यामध्ये, बोटभर पट्टा लाल झाला होता. तो कोणाला दाखवला नाही.

नवऱ्याने दोर बांधला आणि खिशातून फोन काढला.

"खराडीच्या मुलाला काय सांगू?"

"सांगा, जागा रिकामी नाही," मी म्हटलं, आणि बादली घेऊन मीठ धुवायला लागले.