रणगाड्याची उत्तरपूजा

आमच्या कॅनडातल्या मार्कहॅमच्या घरात रणगाडा तयार झाला तो बेसमेंटमध्ये, ड्रायरच्या शेजारच्या टेबलावर. नवऱ्याला प्लास्टिकच्या मॉडेलचा नाद आहे. लोकांचे नवरे याहून वाईट नाद करतात, म्हणून मी बोलत नाही. फक्त रंगाचा वास वर आला की एक्झॉस्ट फॅन लाव म्हणून ओरडते.

हा रणगाडा मात्र शेजारच्या बाईंसाठी होता. बाई पंचाऐंशीच्या आसपासच्या, मूळच्या जर्मन, लहानपणी कॅनडात आलेल्या. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला, जर्मनांचे पहिले छोटे रणगाडे होते ना, त्यातला एक चालवायचे. गेले ते परत आले नाहीत. बाई तेव्हा पाळण्यात होत्या. वडील आठवतात ते फक्त त्यांच्या थोरल्या बहिणीला, आणि ती कॅल्गरीला एका वृद्धाश्रमात. बाईंकडे वडिलांचे युद्धातले काही फोटो आहेत, पण बहिणीची नजर गेलेली. तिला फोटो दाखवून काय उपयोग? म्हणून बाईंनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "हा रणगाडा हातात धरता येईल असा करून देशील?"

नवरा तयारच होता. बाईंनी फोटो दिले. एकात वडील रणगाड्याला टेकून उभे, कोपर वरच्या पत्र्यावर आरामात टेकवलेलं, जणू मोटारसायकलशेजारी उभे आहेत. दोन फोटोंत रणगाड्याच्या पाठीवर झेंडा पसरलेला होता. आपलीच विमानं वरून बॉम्ब टाकू नयेत म्हणून तसा पसरायचे, असं नवरा म्हणाला. त्या झेंड्याच्या मधोमध बाईंनी कॅनडाचं पोस्टाचं तिकीट चिकटवलं होतं.

"ते चिन्ह नको," त्या मला म्हणाल्या. "बाकी सगळं जसंच्या तसं."

नवऱ्याने मग महिनोन्‌महिने घातले. का, तर हे सुरुवातीचे रणगाडे नुसते करडे नव्हते, करड्यावर गडद तपकिरी पट्टे होते, आणि काळ्यापांढऱ्या फोटोत ते दोन रंग सारखेच दिसतात.

"अरे, ज्या बाईला द्यायचाय तिला दिसत नाही," मी म्हटलं.

"मला दिसतंय ना!"

वडिलांची छोटी आकृतीही त्याने केली, रणगाड्याला टेकलेली, म्हणजे बहिणीला बोटांनी उंची कळेल. ही कल्पना माझी. तो तर नुसते पट्टेच रंगवत बसला असता.

रणगाडा पुरा झाला तेव्हा सासूबाई नागपूरहून आलेल्या होत्या. त्यांनी मुलाला विचारलं, "हे काय केलं रे?" त्याने छाती फुगवून शुद्ध मराठीत सांगितलं, "रणगाडा, आई." टँक म्हणाला असता तर त्यांना पाण्याची टाकी वाटली असती आणि पुढचं सगळं टळलं असतं. पण रणगाडा! रण आलं म्हणजे शस्त्र झालं, गाडा आला म्हणजे वाहन झालं. आणि दोन दिवसांनी खंडेनवमी.

बाई दसऱ्याच्या सकाळच्या विमानाने कॅल्गरीला निघणार होत्या, म्हणून खंडेनवमीच्या दुपारी मॉडेल न्यायला येणार होत्या. डॉक्टर आता त्यांना एकटीने प्रवास करू नका म्हणत होते. पुढच्या वेळचं काही खरं नाही, हे त्यांनीच मला कपडे वाळत घातल्यासारखं सहज सांगितलं होतं.

ठरल्याप्रमाणे बाई आल्या, आणि मी त्यांना घेऊन फॅमिली रूममध्ये गेले. सासूबाईंनी फायरप्लेससमोर पूजा मांडली होती. सुऱ्या, कात्र्या, ड्रिल मशीन, दोन लॅपटॉप, बर्फ काढायच्या स्नोब्लोअरची किल्ली, आणि मधोमध पाटावर रणगाडा. त्याला झेंडूचं फूल, अक्षता, आणि पुढच्या पत्र्यावर ओल्या कुंकवाने काढलेलं ठसठशीत स्वस्तिक.

घराबाहेर स्वस्तिक काढायचं नाही हा आमच्याकडचा नियम मीच केलेला आहे. या देशात ज्याला त्याला समजावत बसायला मला वेळ नाही. रणगाड्याबद्दल नियम करायला हवा होता, हे कोणाच्या डोक्यात येणार?

बाई उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "पुसा ते."

मी वाइप्स घेऊन वाकले, तर सासूबाईंनी माझा हातच धरला.

"काय करून राहिली? पूजेतल्या शस्त्राला आज हात नाही लावत. उद्या दसरा झाला की नेऊ दे तिला."

"आई, त्यांचं उद्या सकाळी विमान आहे."

"मग दुपारचं नाही का?"

बाई दाराकडे वळल्या. "राहू दे," त्या म्हणाल्या. "मी तशीच जाते."

तशीच म्हणजे रिकाम्या हाताने. नवरा दोघींच्या मध्ये उभा राहून "ॲक्च्युअली, ॲक्च्युअली" करत होता. त्याच्या उपयोगाची मला कल्पना होतीच. मी बाईंना एक मिनिट थांबायला सांगितलं आणि सासूबाईंना चार वाक्यांत सांगून टाकलं. यांचे वडील असल्या गाडीत मेले. ज्यांनी पाठवलं त्यांच्या झेंड्यावर हेच चिन्ह होतं. आपलं वेगळं, ते मला माहीत आहे, पण यांना ते दिसत नाही आणि दिसायचं काही कारणही नाही. बहीण वाट बघतेय.

सासूबाईंनी बाईंकडे नीट पाहिलं. "बाप्पा," त्या म्हणाल्या. "मग आधी नाही सांगायचं? मी काय मुद्दाम केलं?"

"कोणी म्हटलं मुद्दाम म्हणून?"

"उत्तरपूजा करून टाकते. मग नेता येते."

उत्तरपूजा म्हणजे पूजा संपली असं सांगणं. अक्षता वाहायच्या, वस्तू जागची जरा हलवायची, झालं. गणपतीला आपण तेच करतो. सासूबाईंनी चार दाणे टाकले, रणगाडा एका बोटाने पाटावर पुढे सरकवला, आणि माझ्या हातातला वाइप ओढून घेऊन स्वस्तिक स्वतःच पुसलं.

बाईंनी विचारलं, "काय केलं त्यांनी?"

"सुट्टी दिली त्याला," मी म्हटलं. "आता तो तुमचा."

कुंकू अर्थातच पूर्ण गेलं नाही. करड्या पत्र्यावर गुलाबी डाग राहिला. नवऱ्याने रंगाची बाटली काढून डागावर हात मारला, मी तो वाळवायला हेअर ड्रायर धरला. बाई फोटो हातात घेऊन शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "इथे तपकिरी पट्टा होता का? फोटोत तर दिसत नाही." नवऱ्याला इतका आनंद झाला की तो अर्धा तास बोलत राहिला. सासूबाईंनी तेवढ्यात बाईंना श्रीखंड दिलं. त्यांनी ते संपवलं आणि वाटी पुढे केली.

दोन दिवसांनी कॅल्गरीहून फोन आला. मी स्पीकरवर टाकला. बहिणीने म्हणे रणगाडा मांडीवर घेतला, चाकांवरून, त्यांच्या साखळ्यांवरून बोटं फिरवली. मग वडिलांची आकृती सापडली. पायापासून डोक्यापर्यंत, मग कोपर, मग कोपराखालचा पत्रा. पुन्हा एकदा खालून वर. आणि हसायलाच लागली.

"का?" मी विचारलं.

"बाबा सुट्टीवर आले तेव्हा तिला सांगायचे, माझी गाडी आपल्या घराएवढी आहे. ती इतकी वर्षं घराएवढीच समजत होती." बाई स्वतःही हसत होत्या. "मला हे तिने कधी सांगितलंच नव्हतं."

मग त्यांनी बहिणीने वडिलांना काय म्हटलं तो जर्मन शब्द सांगितला. मला तो दोनदा ऐकूनही म्हणता आला नाही. अर्थ विचारला, तर आपला थापाड्या.