निळ्या जाळाची शेगडी

गोबरगॅस बसवायच्या कामावर होतो तेव्हा टेंभुर्णीत एक म्हातारी भेटायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी ती शेण हातानं कालवायची, त्यातली काडी न् काडी वेचायची आणि मगच टाकीत सोडायची. शेगडीचा निळा जाळ दिसला की आधी हात जोडायची.

चतुर्थीला ती राजूरच्या गणपतीला गेली, तेव्हा गॅस वाढेल म्हणून मी तिच्या घरचा नवा संडास त्याच टाकीला जोडून टाकला.

परत आल्यावर तिला ते कळलं, आणि त्या जाळावर तिनं पुन्हा भाकरी टाकली नाही. चुलीवर चहा करून माझ्यापुढं ठेवला.

"गॅस चांगला व्हता, साहेब," डोळे पुसत ती म्हणाली. "मला इचारायचं तरी व्हतं."

"धूर फार होतो इथं," एवढंच मी बोललो.