शिवेवरच्या मायचे रोडगे

गावात माझ्या थापा प्रसिद्ध आहेत. मी पाहिलेला नाग दर वर्षी हातभर वाढतो आणि आमच्या विहिरीतला मासा आता म्हशीएवढा झाला आहे. म्हणून हा अनुभव लिहिताना धाकधूक वाटते. देवीनं एकदा हात दिला आणि साक्षीदार कोण, तर मी!

मी बार्शीटाकळीकडच्या एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे. गेल्या वर्षी आम्ही बायकांनी गरोदर बायांसाठी अंगणवाडीत एक वेळचं जेवण सुरू केलं. घरटी मूठभर डाळ, ज्वारी, कोणाकडून पालेभाजी, कोणाकडून अंडी. चारचौघींत जेवायला लाजतात म्हणून मी हौसेनं सगळ्यांना झाकणाचे डबे वाटले. तिथंच माती खाल्ली. डबा घरी गेला की वरण सगळ्यांच्या ताटात पडायचं आणि जिच्यासाठी शिजलं तिला नुसती बोटं चाटायला उरायची.

सुनीताला सातवा लागला होता. तिचं पहिलं बाळ दीड किलोचं जन्मलं आणि नवव्या दिवशी गेलं. तिच्या बांगड्या मनगटातून कोपरापर्यंत चढायच्या. ही थाप नाही. दवाखान्यातल्या सिस्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, हिचं वजन असंच राहिलं तर याही खेपेला तेच होईल. तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी. बसले की उठावंसं वाटे, उठले की तिच्या दारात जावंसं.

तिची सासू कौसाबाई दुष्ट नव्हती. म्हणायची, "घरात पाच तोंडं असतानी सून एकटी कशी जेवीन वो?" मग मी माझं हत्यार काढलं. या भाजीत बाळंतपणाचं औषध आहे, पुरुषांनी खाल्ली तर मिशा गळतात, असं ठोकून दिलं. आठ दिवसांनी ती भर रस्त्यात ओरडली, "ओ म्याडम, आमच्या बुढ्यानं रोज खाल्ली, मिशी अखीन दाट झाली! आता टकलासाठी बी द्या काही!" अख्खा पार हसला. मीही हसले आणि घरी येऊन रडले. थापा संपल्या की माझ्याकडं दुसरं काहीच नव्हतं.

त्याच आठवड्यात गावाच्या शिवेवरच्या देवीला रोडग्यांचा नैवेद्य होता. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाडजूड रोडगे भाजत होते, वांग्याची भाजी रटरटत होती. मी आत जाऊन देवीशी चक्क भांडले. "माये, माह्यावर कोणी इस्वास ठेवत नाही. आता तूच बोल."  आणि तणतणतच बाहेर आले.

पंगत बसली तेव्हा एक अनोळखी म्हातारी आली. मोझरीच्या आश्रमातून परतत होती, समोरच्याच फाट्यावर एसटी बंद पडली म्हणून पाणी मागायला आली. तिला सुनीताशेजारी बसवलं. तेवढ्यात कौसाबाईनं सवयीनं सुनीताच्या ताटातले रोडगे डब्यात भरायला घेतले. म्हातारीनं तिचा हात धरला.

"काहून वो? मायचे रोडगे शीव वलांडतात का तुमच्या गावात? ज्याच्या ताटात पडले त्यानंच सपवा लागते."

कौसाबाई थबकली. शिवेवर शिजलेलं घरी न्यायचं नाही, हे तिला तिच्या सासूनंच शिकवलं होतं. मलाही लहानपणापासून ठाऊक होतं. माझ्या डब्यांच्या नादात गाव ते विसरलं आणि मीही. डबा बंद झाला. सुनीतानं दोन रोडगे खाल्ले. पारावर सांगताना मी सात सांगते.

मी चहा आणेपर्यंत म्हातारी निघून गेली होती. ती हवेत विरली असं सांगायला जीभ वळवळते, पण नाही. तिची चप्पल तुटकी होती, एसटी दुरुस्त झाली आणि खिडकीतून तिनं हात केला. नाव विचारायचं राहिलं.

दुसऱ्याच दिवशी मी चूल अंगणवाडीतून उचलून देवीच्या मंडपात मांडली. रोज मायला नैवेद्य, रोज तिथंच पंगत; मायच्या प्रसादाला कोणी लाजेना. डबे परत घेतले. कौसाबाई स्वतः सुनेसमोर बसायची, "खाय वो पोरी, उरवशीन तं माह्या डोक्यावर पाप यीन!" तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दोन महिने मी वजनकाट्याकडं चोरासारखी बघत होते. बाळंतपणाच्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात इतक्या येरझारा घातल्या की फरशी झिजली असेल.

इतकी वर्षं मी जिभेच्या जोरावर गाव हलवायला निघाले होते. हात टेकले त्या दिवशी मायनं आमचंच विसरलेलं आम्हाला परत दिलं, तेही एका वाटसरूच्या तोंडून. रोज चूल पेटवताना मी आधी तिला हात जोडते, मग मनातल्या मनात म्हातारीच्या त्या तुटक्या चपलेला.

सुनीताची मुलगी दोन किलो सातशे ग्रॅम भरली. कोणी विचारलं तर मी आजही तेवढंच सांगते. वाढवायला जीभ धजत नाही. त्यातला एक ग्रॅमही माझा नाही.